प्राध्यापक आंबेडकर आणि संवादाचा अभ्यास

बाबासाहेब म्हटलं की मुलं पटापट सांगतात : राज्यघटना, चवदार तळं, पुस्तकांचं वेड. १४ एप्रिलच्या भाषणांतही बहुधा एवढंच असतं. पण बाबासाहेब मुंबईत प्राध्यापक होते, आणि समाजातले गट एकमेकांशी बोलतच नसतील तर काय होतं, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. हे मात्र राहूनच जातं.

१९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण छाप पडली ती प्रा. जॉन ड्यूई यांची. हो, तेच ड्यूई, ज्यांचं नाव आपण डी.एड.ला परीक्षेपुरतं पाठ केलं! लोकशाही फक्त मतदानात नसते, एकमेकांचे अनुभव वाटून घेत जगण्यात असते, असं ते शिकवत. साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसवलेल्या या विद्यार्थ्याला ते नुसतं पुस्तकी वाटलं नसणार.

१९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचे तास ऐकायला बाहेरच्या कॉलेजातली मुलंही येत. तिथेच काही सहकाऱ्यांनी मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी घेण्यावर हरकत घेतली. विचार करा, ज्ञान चालतं, पाणी चालत नाही!

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. नावातच सगळं आलं. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. १९३६ साली लाहोरला जातिनिर्मूलनावर त्यांचं अध्यक्षीय भाषण ठरलं होतं. आयोजकांना मजकूर झेपला नाही, परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी एक शब्द न बदलता ते स्वखर्चाने छापलं. ड्यूईंचा तो विचार त्यात आहेच, पण जातीच्या भिंतींवर तो त्यांनी असा लावला की गुरूलाही सुचला नसता, असं मला वाटतं.

१९४६ ला त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरे, मुलं वादविवाद करत. तिकडे घटना समितीत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आक्षेपांना उत्तरं देण्याचा मोठा भार बाबासाहेबांवरच होता, तोही तब्येत साथ देत नसताना.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. या भेटीत ड्यूईंना भेटायचं त्यांच्या मनात होतं. पण ते प्रवासात असतानाच, १ जूनला, ड्यूई गेले.