डॉ. पॉल ब्रँड

परभणी जिल्ह्यातील चारठाणा या गावी प्राचीन मंदिरे व एक उंच कोरीव स्तंभ पाहावयास मिळतो. शेकडो वर्षांपूर्वी पाथरवटांनी तेथे छिन्नी चालविली, तेव्हा त्यांचा अंगठा व बोटे एकमेकांस अचूक साथ देत होती. म्हणूनच कठीण दगडावर ती नाजूक नक्षी उमटली. ज्याची बोटे आत वळून कायमची वाकडी झाली, त्याच्या हातात छिन्नीच काय, भाकरीचा घासही नीट ठरत नाही. कुष्ठरोगाने आपल्या देशातील असंख्य माणसांची अशी अवस्था केली होती. त्यांच्या मिटलेल्या मुठी उघडण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत डॉ. पॉल ब्रँड हे अग्रणी होत.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर झाला. त्यांचे आईवडील इंग्रज मिशनरी होते व डोंगरी लोकांवर औषधोपचार करीत. नवव्या वर्षी पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. तेथे त्याने आधी काही वर्षे सुतारकाम व गवंडीकाम शिकण्यात घालविली आणि मग तो वैद्यकाकडे वळला. ही वर्षे वाया गेली असे तेव्हा कोणास वाटले असेल, तर नवल नाही!

१९४६ साली ब्रँड शस्त्रवैद्य होऊन वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढील वर्षी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांस चेंगलपट्टू येथील कुष्ठरोग्यांचे रुग्णालय दाखविले. कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे मोठे अभ्यासक. परंतु बोटे का वाकतात, हे कोडे त्यांच्याने सुटेना. ते काम हाडांच्या व स्नायूंच्या वैद्याचे, असे त्यांचे मत होते. आणि असे वैद्य तर या रोग्यांकडे फिरकतही नसत. ब्रँड यांनी एका रोग्याचा वाकडा हात आपल्या हातात घेतला. रोग्याने तो असा आवळला की, ब्रँड कळवळले. पंजा लुळा, मग हे बळ आले कोठून?

हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. पुढे तेथील एक रोगी वारल्याचे कळताच ते रात्रीच चेंगलपट्टूस गेले व पहाटेपर्यंत शवविच्छेदन करीत राहिले. कोपर, मनगट, घोटा अशा ठिकाणी, जेथे मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातात, तेथेच ते सुजलेले आढळले. त्यामुळे पंजातील लहान स्नायू निकामी होत, पण पुढच्या बाहूतील अनेक स्नायू धडधाकट राहत. प्रयोगशाळेत तपासणी केली असता रोग्यांच्या बोटांचे मांसही इतरांप्रमाणेच जखम भरून काढण्यास समर्थ असल्याचे दिसून आले.

आता शस्त्रक्रियेस आधार मिळाला. बोट वाकविणाऱ्या दोन कंडरांपैकी एक सोडवून ती नव्या वाटेने बोटाच्या पाठीमागे जोडावयाची, म्हणजे निरोगी स्नायू निकामी स्नायूचे काम करील, अशी ती योजना. १९४८ च्या सुमारास वेल्लोर येथे अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यानंतर रोग्यास कित्येक आठवडे बोटे हलविण्याचा सराव करावा लागे.

तरीही एक कोडे उरलेच होते. बोटे झडतात कशाने? एकदा ब्रँड यांच्याकडून एक गंजलेले कुलूप उघडेना. दहा-बारा वर्षांच्या एका रोगी मुलाने किल्ली घेतली व सहज फिरविली. त्याच्या बोटातून रक्त वाहत होते, जखम हाडापर्यंत गेली होती आणि त्या मुलास त्याचा पत्ताही नव्हता! वेदना नाही, म्हणून सावधपण नाही. वेल्लोरला रोग्यांसाठी १९५१ साली एक वसाहत उभी राहिली. तेथे ब्रँड स्वतः सुतारकाम शिकवीत. जुनी विद्या अशी कामी आली. तेथील काही रोग्यांची बोटे रातोरात तुटलेली आढळू लागली, तेव्हा रात्री पहारा ठेवला. झोपलेल्यांची बोटे उंदीर कुरतडत होते. पुढे मांजरे पाळून तो प्रश्न सोडविला गेला.

बधिर पायांसाठी मऊ रबरी तळाच्या वहाणा तयार करण्यात आल्या. या कामी वैद्य, चर्मकार व रबराचे जाणकार यांना एकत्र बसावे लागले. अपघातामुळे कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीस यांनीही ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

१९६० साली ब्रँड यांस लास्कर पारितोषिक मिळाले. १९६६ पासून ते अमेरिकेतील कारव्हिल येथे बधिर पायांवर पडणाऱ्या दाबाचा अभ्यास करू लागले. मधुमेहानेही पाय बधिर होतात. त्यामुळे कुष्ठरोग्यांसाठी चाललेले हे संशोधन मधुमेहाच्या रुग्णांचे पाय वाचविण्यासही उपयोगी पडले. ८ जुलै २००३ रोजी सिअ‍ॅटल येथे ब्रँड यांचे निधन झाले.