स्तंभावरची नावे वाचणारा माणूस : शिवराम जानबा कांबळे

दरवर्षी १ जानेवारीला आपल्या वस्तीतून गाड्या निघतात. शिरूरची मंडळी पुणे-नगर रस्त्याने रांजणगाव, सणसवाडी करत कोरेगाव भीमाला पोचतात. दौंड तालुक्यातली मंडळी चौफुल्यावरून शिक्रापूरला येऊन त्याच रस्त्याला लागतात. भीमेचा पूल ओलांडला की पेरण्याच्या हद्दीत विजयस्तंभ. आपण मानवंदना देतो, पोराबाळांना खाऊ घेतो आणि परततो. पण ही वाट आपल्याला दाखवली कुणी, असं विचारलं तर तरुण पोरं बाबासाहेबांचं नाव घेतात आणि थांबतात. त्यांच्या आधीच्या एका माणसाची ओळख आम्ही इथे करून देत आहोत.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती आपल्या शिरूरच्या छावणीतूनच. दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. पुढे १८२१ साली कंपनी सरकारने स्तंभाचा पाया घातला, तो स्वतःच्या कौतुकासाठी. मात्र त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावे महार शिपायांची आहेत. नावाच्या शेवटी ‘नाक’ आले की ते आपले, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नसे.

शिवराम जानबा कांबळे यांचा जन्म पुण्यात १८७५ साली झाला. लष्कर भागातल्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. नोकरी साधी, पण वाचनाची ओढ मोठी. महात्मा फुल्यांच्या विचारांनी त्यांना झपाटले. १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. गावात मान नाही, जमीन नाही, आणि पोटापाण्याचा व अब्रूचा तो एक दरवाजाही बंद! कांबळ्यांनी सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली आणि सरकारकडे अर्ज धाडला. दाद लागली नाही. १९१० साली त्यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. आमच्या वाडवडिलांनी ज्या पलटणींत रक्त सांडले, तिथे आम्हाला परत घ्या, अशी ती मागणी होती. महायुद्धात भरती उघडली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात ते स्वस्थ बसले नाहीत. १ जुलै १९०८ पासून त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवले. पोरी देवाला सोडून मुरळी करण्याच्या चालीवर त्यात त्यांनी सडकून लिहिले. शिवूबाई जाधव या मुरळीने आपली व्यथा त्याच मासिकातून मांडली. चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

कोरेगावच्या स्तंभापाशी त्यांनी सभा भरवायला सुरुवात केली. परक्या सरकारच्या दगडावर त्यांनी आपल्या माणसांची नावे वाचली आणि इतरांना वाचायला लावली. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांच्या पुढाकाराने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाडचे चवदार तळे पेटले! १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही कांबळे पुढे होते. देऊळ काही उघडले नाही, पण माणसे जागी झाली.

आम्हाला एवढेच सांगायचे आहे. पुढच्या १ जानेवारीला स्तंभाजवळ गेल्यावर फोटो जरूर काढा, पण पोरांना हाताला धरून पाटीपाशी न्या आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लावा. कांबळ्यांनी केलं ते हेच, आणि तेही सरकारी नोकरशाहीने तोंडावर दारं लावलेली असताना. आपल्याला तर आज कुणाची परवानगी मागायची नाही.

जयभीम!