रक्त थांबवणारा जर्राह : अबुल कासिम अल-जहरावी

मानेवरची गाठ काढण्यासाठी एका हकिमाने बाईच्या गळ्याला चिरा दिला. सुरी गाठीपुरती थांबली नाही, धमन्यांपर्यंत गेली. रक्ताची धार लागली आणि ती बाई त्याच्या समोरच गतप्राण झाली. हा प्रसंग अबुल कासिम अल-जहरावी यांनी स्वतः पाहिला होता. पुढे शस्त्रक्रियेवर लिहायला बसले तेव्हा त्यांनी तो सुरुवातीलाच नोंदवला. सोबत दुसरीही हकीकत सांगितली. एका वयस्क माणसाच्या मूत्राशयात मोठा खडा होता. आधी बोलावणे अल-जहरावींना आले. पण खड्याचा आकार आणि रोग्याची प्रकृती पाहून हा यातून वाचणार नाही, हे त्यांनी ओळखले. दुसऱ्या एकाने धाडस केले. तीनेक दिवसांत रोगी गेला.

जर्राहीचे हे हाल त्यांना खुपत होते. जर्राह म्हणजे शल्यचिकित्सक. हाती सुरी आहे पण शरीराची रचना ठाऊक नाही, अशा माणसाला ते रोग्याच्या जिवावरचे संकट मानत.

त्यांचा जन्म इ. स. ९३६च्या सुमारास अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये झाला. घराण्याचे मूळ मदिनेतील अन्सारांत होते. कॉर्डोबाजवळ खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने त्याच काळात मदीनतुज्-जहरा हे राजनगर वसवायला घेतले होते. त्या नगरावरूनच ते जहरावी म्हणून ओळखले गेले. आयुष्यभराचा अनुभव त्यांनी ‘किताबुत्-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात उतरवला. तो इ. स. १०००च्या आसपास पूर्ण झाला. तिसावा भाग सगळा शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत. नुसत्या वर्णनावर विसंबून लोहार हत्यार कसे घडवणार, हा व्यवहार त्यामागे होता.

या भागातला नाकावरचा मजकूर आजच्या वाचकाला फार जवळचा वाटेल. नाकात मांस वाढून श्वास कोंडला तर रोग्याला सूर्याकडे तोंड करून बसवावे, नाकपुडी रुंद करून आकड्याने ते मांस बाहेर ओढावे, कापावे आणि उरलेले हलक्या हाताने खरवडावे. मांस कठीण, काळपट आणि संवेदना कमी असलेले असेल तर मात्र त्याला लोखंड लावू नये. तो कर्करोगाचा प्रकार. कुठे हात घालायचा नाही, हे सांगायला ते कधी विसरत नाहीत. कापल्यावर व्हिनेगर आणि पाणी नाकात घालून पाहायचे. ते घशात उतरले तर वाट मोकळी झाली. नाही उतरले तर वर, हाडाजवळ मांस शिल्लक आहे. मग बोटबोट अंतरावर गाठी मारलेला दोरा नाकातून घशात काढून तो करवतीसारखा पुढेमागे ओढायचा. आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

पण त्यांचे काम इथे संपत नाही. कापल्यानंतरच्या दिवसांचीही त्यांना तितकीच काळजी होती. रक्त पुसून घ्यायचे, मलमात भिजवलेली वात नाकात ठेवायची, ती तीन दिवस किंवा अधिक. त्यानंतर जखम भरेपर्यंत काही दिवस शिशाची नळी ठेवायची, म्हणजे वाट बुजत नाही. शिसे विषारी असल्याने आज ते कोणी वापरणार नाही. पण नाकाच्या ऑपरेशननंतर गरजेप्रमाणे बोळा भरणे आणि आत पट्टी किंवा नळी ठेवणे, हे आजचे डॉक्टरही करतात.

वाहत्या रक्ताबद्दल त्यांनी स्वतंत्र प्रकरणच लिहिले. मोठी धमनी फुटली तर चार उपाय : तापलेल्या सळईने डागणे, अर्धवट तुटलेली धमनी पूर्ण तोडणे, म्हणजे तिची टोके आत आक्रसतात, मजबूत दोऱ्याने बांधणे, किंवा रक्त थांबवणारी औषधे लावून घट्ट पट्टी बांधणे. पण सगळ्यांत आधी बोट. फुटलेल्या जागी बोट ठेवून घट्ट दाबायचे. हकीम नाही, औषध नाही, अशा वेळी बोट तसेच दाबून वरून अगदी थंड पाणी ओतत राहायचे, रक्त गोठेपर्यंत. आपल्याकडे घोळणा फुटला की कांदा फोडून हुंगवतात आणि मान मागे टाकायला लावतात. मान मागे टाकल्याने रक्त घशात उतरते, एवढेच. आजचे डॉक्टर पुढे झुकून बसायला आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरायला सांगतात. ऑपरेशननंतर घरी आलेल्या रोग्याचे रक्त तेवढ्यानेही थांबले नाही, तर मात्र वेळ न घालवता दवाखानाच गाठायला हवा.

काही माणसांचे रक्त थांबतच नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. एका गावातल्या पुरुषांना मोठी जखम झाली की मरेपर्यंत रक्त वाहते, अशी नोंद त्यांनी केली. आज आपण ज्याला हिमोफिलिया म्हणतो, त्याच्या अगदी जुन्या वर्णनांत ती गणली जाते.

सगळेच रोगी दगावले असे नाही. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा चिरून घेतला. त्यांनी पाहिले तर रक्त फारसे वाहत नव्हते, मोठ्या शिरा शाबूत होत्या, जखमेतून हवा येत होती. त्यांनी तातडीने जखम शिवली. मुलगी जगली, आवाज तेवढा घोगरा राहिला.

आपल्या सुश्रुतांची संहिता बरमकी वजिरांच्या काळात बगदादला अरबीत गेली होती. अल-जहरावींचा ग्रंथ उलट पश्चिमेकडे निघाला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडोत शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि युरोपातले वैद्य ‘अल्बुकासिस’ या नावाने तो शतकानुशतके शिकले. १४६५मध्ये अनातोलियातील शरफुद्दीन साबुनजूओग्लू यांनी त्याच्या आधारे तुर्कीत सचित्र ग्रंथ केला.

अल-जहरावींचे निधन इ. स. १०१३च्या सुमारास झाले. तोवर अंदलुसच्या यादवीत मदीनतुज्-जहरा लुटले गेले होते. १९११पासून तिथे उत्खनन सुरू झाले आणि २०१८मध्ये त्या अवशेषांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. कॉर्डोबाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीला आज अल्बुकासिसचे नाव आहे.