राजाच्या खुनाच्या कटात चौकशी झालेला डॉक्टर, ज्याचं नाव पुढे पार्किन्सन्स आजाराला मिळालं

गुगलवर जेम्स पार्किन्सन असं टाकलं की एका दाढीवाल्या माणसाचा फोटो हमखास समोर येतो. दरवर्षी ११ एप्रिलला, म्हणजे जागतिक पार्किन्सन्स दिनाला, तोच फोटो पोस्टमध्ये फिरतो. पण जेम्स पार्किन्सन वारले १८२४ मध्ये आणि फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे तो फोटो भलत्याच माणसाचा आहे. खऱ्या पार्किन्सनचं खात्रीलायक असं एकही चित्र आज उपलब्ध नाही.

चेहरा सापडत नसला तरी त्यांच्या आयुष्याची गोष्ट मात्र सापडते, आणि ती एखाद्या सिनेमाला शोभेल अशी आहे.

जन्म ११ एप्रिल १७५५ चा, लंडनजवळच्या हॉक्स्टनमधला. वडील जॉन हे औषधं देणारे आणि छोट्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. मुलगाही त्याच धंद्यात उतरला. १७८४ मध्ये त्यांना सर्जन म्हणून मान्यता मिळाली. हॉक्स्टन म्हणजे काही श्रीमंतांची वस्ती नव्हती. कारागीर, मजूर, कर्जबाजारी लोक, त्यात वेड्यांसाठीची खासगी इस्पितळं. पार्किन्सन आयुष्यभर तिथंच राहिले आणि याच लोकांना तपासत राहिले.

गरिबी रोज डोळ्यांसमोर दिसत होती, म्हणून गडी राजकारणात शिरला. तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. तो मिळावा म्हणून लढणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटीत पार्किन्सन सामील झाले आणि ओल्ड ह्युबर्ट या टोपणनावानं सरकारला झोंबणारी पत्रकं लिहू लागले.

१७९४ मध्ये प्रकरण अंगाशी आलं. सोसायटीच्या काही लोकांवर आरोप झाला की, ते नाटकाच्या थिएटरमध्ये हवेच्या बंदुकीतून विषारी बाण मारून राजा तिसऱ्या जॉर्जचा खून करणार होते. इतिहासात हे प्रकरण पॉपगन प्लॉट म्हणून ओळखलं जातं. पॉपगन म्हणजे पोरांची खेळण्यातली बंदूक, त्यावरून आरोपात किती दम होता ते कळेल. पण राजद्रोहाची शिक्षा मात्र खेळण्यातली नव्हती, ती फाशी होती.

पार्किन्सन लपून बसले नाहीत. आत टाकलेल्या ओळखीच्या लोकांच्या बाजूनं बोलायला ते प्रिव्ही कौन्सिलसमोर गेले. समोर खुद्द पंतप्रधान विल्यम पिट. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नांची उत्तरं देणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. तरीही ओल्ड ह्युबर्ट म्हणजे आपणच, हे त्यांनी शपथेवर कबूल केलं. घर, बायको, मुलं, दवाखाना, सगळं पणाला लागलं होतं. पुढे हा खटला कोसळला आणि पार्किन्सन सुखरूप राहिले. हळूहळू त्यांनी राजकारण मागे ठेवलं.

मग नाद लागला जीवाश्मांचा. १८०४ ते १८११ या काळात त्यांनी जीवाश्मांवर तीन जाडजूड खंड लिहिले. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्ये ते होते. पार्किन्सोनिया नावाचा एक अमोनाइट, म्हणजे शंखासारखा दिसणारा जीवाश्म, त्यांच्याच नावानं ओळखला जातो. हयातीत त्यांची ख्याती होती ती यासाठी.

ज्या कामामुळे आज नाव घेतलं जातं ते १८१७ मधलं. वय ६२. कंपवातावर त्यांनी ६६ पानांचं एक पुस्तक काढलं. त्यात फक्त सहा माणसांची हकिगत आहे आणि सगळेच काही त्यांचे पेशंट नव्हते. काही जण त्यांना रस्त्यात दिसले, म्हणून थांबवून विचारपूस केली. एकाला तर त्यांनी फक्त लांबून पाहिलं. त्या गृहस्थांना साधं चालताच येत नव्हतं, फक्त पळता येत होतं. नोकर समोर उभा राहून त्यांच्या खांद्यांवर हात ठेवायचा, तोल सावरून द्यायचा आणि मग इशारा झाला की ते सुटायचे. साधारण वीस पावलांवर त्यांना पडण्याआधी धरायला तोच नोकर पुढे पळायचा.

हात स्वस्थ असतानाच थरथरतो, शरीर पुढे झुकतं, चाल आपोआप वेगात जाते. ही वेगवेगळी दुखणी नसून एकच आजार आहे, हे या पुस्तकानं मांडलं. तोवर असं काही दिसलं की म्हातारपण म्हणून सोडून दिलं जायचं.

सहावा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. ७२ वर्षांच्या या गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. गंमत म्हणजे त्या बाजूची थरथरही थांबली. काही दिवसांनी ताकद परत आली, तशी थरथरही परत आली. म्हणजे बिघाड हातात नव्हता. तो वरून कुठून तरी, एका वाटेनं हातापर्यंत येत होता आणि वाट तुटली की थांबत होता.

ही वाट शोधायची कशी? मेंदूत डोकावायचं कोणतंही साधन तेव्हा नव्हतं. पार्किन्सन यांचा संशय मानेतल्या मज्जारज्जूवर आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागावर होता. तो अंदाज चुकला. मानेतून रक्त काढायचा त्यांनी सुचवलेला उपायही निरुपयोगी होता. पण हा आपला तर्क आहे, मृत्यूनंतर शवविच्छेदन करून जाणकारांनी खरं काय ते तपासावं, असं आवाहन त्यांनी पुस्तकातच केलं होतं.

२१ डिसेंबर १८२४ ला ते वारले. पुस्तक जवळपास विसरलं गेलं. पुढे पॅरिसच्या शार्को या नामांकित डॉक्टरांनी या आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं.

त्यांनी मागितलेलं उत्तर तुकड्यातुकड्यानं आलं. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ या संशोधकानं मृतांच्या मेंदूत सब्स्टँशिया नायग्रा या काळसर भागातल्या पेशी नष्ट झालेल्या दाखवल्या. १९६० मध्ये व्हिएन्नात कळलं की अशा मेंदूत डोपामिन फार कमी असतं. १९८० च्या दशकात पेट स्कॅनमुळे ही कमतरता जिवंत माणसात दिसू लागली.

आता त्याच्याही पुढे एमआरआय गेला आहे. माणूस मशीनमध्ये काही मिनिटं नुसता पडून राहतो. मेंदूच्या कोणत्या दोन भागांतली हालचाल एकाच तालात वरखाली होते ते मोजलं जातं. ताल जुळला तर ते भाग एकमेकांशी बोलतायत, असं मानतात. पार्किन्सन्समध्ये पुटामेन या भागाच्या मागच्या बाजूला डोपामिन सगळ्यात आधी आटतं आणि तिथलेच हालचालीशी असलेले धागे सैल पडलेले दिसतात. काही प्रमाणात पुढची बाजू तो भार उचलते.

थरथरीची वाट मात्र वेगळी निघाली. लहान मेंदूकडून थॅलॅमसमार्गे हालचालींच्या केंद्राकडे जाणारं एक सर्किट आहे, ते थरथरीच्या तालावर चालताना स्कॅनमध्ये दिसतं. तिथून आज्ञा खाली हाताकडे जाते. हीच खालची वाट अर्धांगवायूत तुटते. अडचण एकच, हा स्कॅन काढताना पेशंटनं डोकं अजिबात हलवायचं नसतं.