मजूरमंत्री आंबेडकर आणि खाणीत उतरलेल्या बायका

१ मे आला की आठ तासांच्या ड्यूटीची पोस्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या फोटोसह फिरू लागते. पोस्टमध्ये तथ्य आहे. पण मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांची खरी कसोटी लागली ती कोळशाच्या खाणींनी.

बाबासाहेब पेशाने वकील, पण शिक्षणाने अर्थतज्ज्ञ. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये लंडनची डी.एससी. मिळवलेले. राहायला मात्र परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. त्यांनी सरळ हिशेब मांडला: आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यानेही खर्च द्यावा. पुढच्याच वर्षी कायदा झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध पेटलेलं, रेल्वे आणि कारखाने कोळशावर चालणारे. आणि खाणकामगार तर जास्त मजुरीसाठी लष्करी बांधकामांकडे निघालेले! १९३७ पासून बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला लावायला बंदी होती. १९४३ मध्ये सरकारने ती उठवली.

आईच्या विश्रांतीसाठी भांडलेल्या माणसाच्याच खात्यावर ही जबाबदारी आली. डिसेंबरमध्ये ते धनबादकडच्या खाणींत स्वतः उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात टीका झाली, तेव्हा त्यांनी निर्णयाची बाजू लढवली: ही तात्पुरती सोय आहे, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. हिशेब बरोबर होता. पण समान मजुरीने खाणीतला धोका काही कमी होत नाही.

त्यांनी विषय तिथेच सोडला नाही, हेही खरं. कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४५ मध्ये खाणीतल्या बायकांसाठीचा प्रसूती लाभाचा कायदा सुधारला. १९४६ मध्ये बंदी परत आली.

आणि ती आठ तासांची ड्यूटी? १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या दुरुस्ती बिलाने ती ४८ वर आणली, म्हणजे सहा दिवस आठ-आठ तास. एप्रिल १९४६ मध्ये बिल मंजूर झालं आणि काही महिन्यांतच त्यांचं मंत्रिपद संपलं.