खेळातून शिकवणाऱ्या ताराबाई

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या वऱ्हाडात, अमरावतीला राहू लागल्या. पण संसारात त्यांना सुख लाभले नाही. पुढे त्या गुजरातेत गेल्या.

तेथे भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर होते. तेथे मुलांना मार नव्हता, घोकंपट्टीही नव्हती. ऐकलेल्या गोष्टीचे मुले आपल्याच शब्दांत नाटक करीत. मूल खेळता खेळता पाहते, विचार करते आणि शिकते, हे ताराबाईंना पटले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

पण गरीब मुलांचे काय? महाग साधने त्यांना कोठून मिळणार? १९४५ साली ताराबाई बोर्डी या खेड्यात गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तेथील आदिवासी मुले गुरे राखत. ती शाळेत येईनात, म्हणून शाळाच गुरांच्या कुरणात गेली. खडे मोजून मुले गणित शिकली. पाने, बिया, शिंपले निरखून निसर्ग ओळखू लागली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्या वारल्या.

मुलांनो, तुम्हीही असे शिकून पाहा. एकाने सूर्य व्हावे, दुसऱ्याने पृथ्वी. पृथ्वीने स्वतःभोवती सावकाश फिरावे. सूर्याकडे तोंड असेल तेव्हा दिवस, पाठ असेल तेव्हा रात्र. खेळ संपेल, पण धडा लक्षात राहील.