लॉरेन्स हॅमंड

लॉरेन्स हॅमंड (जन्म : ११ जानेवारी १८९५, इव्हॅन्स्टन, इलिनॉय, मृत्यू : जुलै १९७३, कॉर्नवॉल, कनेटिकट) हे अमेरिकन यंत्र अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. हॅमंड ऑर्गन या विद्युत वाद्याचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. या वाद्यासाठी त्यांच्या कंपनीने स्प्रिंगच्या साहाय्याने कृत्रिम निनाद निर्माण करणारे उपकरण विकसित केले. ‘स्प्रिंग रिव्हर्ब’ या नावाने ते पुढे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि ध्वनिमुद्रण कक्षांत पोहोचले. आज संगणकावर संगीतनिर्मिती करताना वापरली जाणारी अनेक प्लगइन्स याच उपकरणाची प्रतिकृती आहेत. हॅमंड यांना स्वतःला मात्र कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==

हॅमंड यांचा जन्म शिकागोलगतच्या इव्हॅन्स्टन या गावी झाला. त्यांचे वडील विल्यम हॅमंड हे शिकागोतील एका बँकेत वरिष्ठ पदावर होते. १८९६ च्या अखेरीस ती बँक बुडाली आणि त्यानंतर लवकरच, १८९७ मध्ये, वडिलांनी आत्महत्या केली. त्या वेळी लॉरेन्स अवघे दोन वर्षांचे होते. त्यांची आई आयडिया लुईस स्ट्राँग हॅमंड या चित्रकार होत्या. पतीच्या निधनानंतर त्या मुलांना घेऊन युरोपला गेल्या. लॉरेन्स यांचे बालपण जिनिव्हा, ड्रेस्डेन आणि पॅरिस या शहरांत गेले आणि फ्रेंच व जर्मन या भाषा त्यांना उत्तम अवगत झाल्या. १९०९ मध्ये हे कुटुंब इव्हॅन्स्टनला परतले.

यंत्रांची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी मोटारगाडीसाठी स्वयंचलित गिअरची रचना तयार केली. आईच्या सांगण्यावरून ती रेनो कंपनीला दाखवण्यात आली. परंतु कंपनीने ती स्वीकारली नाही. पुढे कॉर्नेल विद्यापीठातून १९१६ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यदलाबरोबर फ्रान्समध्ये होते. युद्धानंतर डेट्रॉइट येथील ग्रे मोटर कंपनीत त्यांनी मुख्य अभियंता म्हणून काम केले.

== घड्याळे आणि सिंक्रोनस मोटर ==

१९१९ मध्ये हॅमंड यांनी स्प्रिंगवर चालणारे, टिकटिक न करणारे घड्याळ तयार केले. त्यातून मिळालेल्या पैशामुळे नोकरी सोडून स्वतंत्रपणे संशोधन करणे त्यांना शक्य झाले. न्यूयॉर्क येथे त्यांनी ‘टेलिव्ह्यू’ ही त्रिमिती चित्रपटाची पद्धत विकसित केली. प्रत्येक आसनाला जोडलेल्या दर्शकात फिरती झडप असे आणि ती प्रक्षेपकाच्या गतीशी जुळवलेली असे. त्यामुळे डाव्या डोळ्याला डावे व उजव्या डोळ्याला उजवे चित्र आळीपाळीने दिसे. डिसेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्विन नाट्यगृहात या पद्धतीचे प्रदर्शन झाले. परंतु प्रत्येक खुर्चीला यंत्र बसवण्याचा खर्च नाट्यगृहांना परवडणारा नसल्यामुळे तिचा प्रसार झाला नाही.

या प्रयोगातील सिंक्रोनस मोटर मात्र हॅमंड यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरली. अमेरिकेतील घरगुती वीजपुरवठा सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो. ही मोटर त्या आवर्तनांशी जुळूनच फिरते, त्यामुळे तिची गती कमीजास्त होत नाही. या तत्त्वावर विजेची घड्याळे बनवण्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये शिकागो येथे हॅमंड क्लॉक कंपनी स्थापन केली. आर्थिक महामंदीत घड्याळांची मागणी घटली आणि स्पर्धाही तीव्र झाली. कारखाना चालू ठेवण्यासाठी कंपनीने १९३२ मध्ये पत्ते आपोआप पिसून वाटणारे ब्रिजचे विजेवर चालणारे टेबल बाजारात आणले. त्याची मागणीही अल्पकाळच टिकली. कामगारांना काम देणारे नवे उत्पादन शोधणे आवश्यक झाले होते.

== हॅमंड ऑर्गन ==

१९३३ मध्ये हॅमंड यांनी १५ डॉलरला एक जुना पियानो विकत घेतला आणि त्याची स्वरपट्टी ठेवून बाकीचे भाग काढून टाकले. संगीताची बाजू सांभाळण्यासाठी कंपनीतील हिशेबनीस विल्यम लेही यांची त्यांना मदत झाली. ते एका चर्चमध्ये ऑर्गनवादक होते.

मराठी संगीत नाटकात वापरला जाणारा ऑर्गन भात्याच्या हवेवर व धातूच्या पत्त्यांवर वाजतो. चर्चमधील मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांतून हवा सोडली जाते. हॅमंड ऑर्गनमध्ये पत्त्याही नाहीत आणि नळ्याही नाहीत. त्यात कडेला उंचवटे असलेली ९१ पोलादी चक्रे एका सिंक्रोनस मोटरवर फिरतात. प्रत्येक चक्राजवळ तारेचे वेटोळे गुंडाळलेला चुंबक असतो. उंचवटा चुंबकासमोरून जाताच वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो वाढवून ध्वनिवर्धकातून ऐकवला जातो. मोटरची गती स्थिर असल्यामुळे हे वाद्य पुन्हा पुन्हा सुरात लावावे लागत नाही. मूळ स्वरात कोणते उपस्वर किती मिसळायचे हे वादक नऊ सरकत्या दांड्यांनी ठरवतो. फिरत्या चक्रांपासून संगीत निर्माण करण्याची कल्पना थॅडियस काहिल यांनी त्यापूर्वीच टेलहार्मोनियम या वाद्यात वापरली होती. परंतु त्या वाद्याचे वजन सुमारे २०० टन होते. हॅमंड यांचे वाद्य घराच्या दिवाणखान्यात मावत असे.

पेटंटसाठीचा अर्ज १९ जानेवारी १९३४ रोजी दाखल झाला आणि २४ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, मंजूर झाला. एप्रिल १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे या वाद्याचे जाहीर प्रदर्शन करण्यात आले. उद्योगपती हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन हे त्याच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी होते. नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चमध्ये त्याला विशेष मागणी आली.

== फेडरल ट्रेड कमिशनपुढील प्रकरण ==

हॅमंड ऑर्गन हा नळ्यांच्या महागड्या ऑर्गनच्या तोडीचा आहे, असा कंपनीच्या जाहिरातींचा दावा होता. हा दावा ग्राहकांची दिशाभूल करणारा असल्याची तक्रार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९३६ मध्ये दाखल केली. सुनावणीच्या काळात शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये एक चाचणी घेण्यात आली. तेथील नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंड ऑर्गन यांवर आलटूनपालटून रचना वाजवण्यात आल्या. वाद्ये दिसणार नाहीत अशा ठिकाणी बसून श्रोत्यांनी वाद्य ओळखायचे होते. तज्ज्ञ संगीतकारांची उत्तरे सुमारे एकतृतीयांश वेळा चुकली.

१९३८ मध्ये कमिशनने आदेश दिला. त्यानुसार नळ्यांच्या उत्तम ऑर्गनचे सर्व नाद या वाद्यातून निघतात, असा दावा करण्यास कंपनीला मनाई झाली. ‘ऑर्गन’ हे नाव वापरण्यास मात्र हरकत राहिली नाही. खटल्याच्या प्रसिद्धीमुळे वाद्याची माहिती दूरवर पोहोचली. तांत्रिकदृष्ट्या कमिशनच्या आक्षेपात तथ्य होते. हॅमंड ऑर्गनचे उपस्वर स्वतंत्रपणे निर्माण होत नाहीत. ते समसप्तकातील इतर स्वरांच्या चक्रांकडून घेतले जातात. त्यामुळे त्यांतील काही उपस्वर नैसर्गिक स्थानापासून किंचित ढळलेले असतात.

== स्प्रिंग रिव्हर्ब ==

रॉकफेलर चॅपेलमधील चाचणीत दोन्ही वाद्यांना त्या भव्य वास्तूच्या निनादाची साथ होती. दगडी भिंतींवरून परावर्तित होणारा ध्वनी स्वर थांबल्यावरही काही सेकंद रेंगाळतो आणि ऑर्गनच्या भारदस्त नादात त्याचा मोठा वाटा असतो. गालिचे व पडदे असलेल्या घरात किंवा लहान प्रार्थनागृहात हाच हॅमंड ऑर्गन कोरडा वाटे. ही उणीव भरून काढण्यासाठी वाद्याबरोबरच निनादही पुरवणे कंपनीला आवश्यक वाटले.

यासाठी बेल प्रयोगशाळेतील एका उपकरणाचा आधार घेण्यात आला. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांमधून आवाज पोहोचण्यास होणारा विलंब अभ्यासण्यासाठी तेथे स्प्रिंगचा वापर केला जात असे. हॅमंड यांच्या कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे तत्त्व संगीतासाठी वापरले. विद्युत संदेशाचे कंपनांत रूपांतर करून ती स्प्रिंगच्या एका टोकाला दिली जातात. कंपने दुसऱ्या टोकापर्यंत जातात, परावर्तित होऊन मागे येतात आणि हळूहळू क्षीण होतात. दुसऱ्या टोकाला त्यांचे पुन्हा विद्युत संदेशात रूपांतर करून मूळ आवाजात मिसळले जाते. सुरुवातीच्या रचनेत कंपने शमवण्यासाठी स्प्रिंगचे काही भाग तेलाने भरलेल्या उभ्या नळ्यांत बुडवलेले असत. हे उपकरण मीटरभराहून उंच होते आणि ते सरळ उभेच ठेवावे लागे.

पुढे कंपनीच्या अभियंत्यांनी तेल वगळले. १९६० च्या सुमारास ‘टाइप ४’ ही रचना तयार झाली. सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या चपट्या धातूच्या पेटीत ताणून बसवलेल्या स्प्रिंग आणि त्यांच्या टोकांना लहान चुंबक, असे तिचे स्वरूप होते. ती स्वस्त, हलकी आणि कोणत्याही यंत्रात बसवण्याजोगी होती. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये हॅमंडच्या स्प्रिंग वापरून गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब बाजारात आणला आणि १९६३ पासून तो अ‍ॅम्प्लिफायरमध्येच बसवण्यास सुरुवात केली. कॅलिफोर्नियातील सर्फ संगीताचा ओलसर, थेंब पडल्यासारखा गिटारचा आवाज यातूनच आला. जमैकातील किंग टबी यांनी डब संगीतात स्प्रिंगचा निनाद मुक्तपणे वापरला. स्प्रिंगच्या पेटीला धक्का देऊन मेघगर्जनेसारखा आवाज काढण्याची रीतही त्या संगीतात रूढ झाली.

स्प्रिंगचा निनाद दगडी वास्तूच्या निनादाहून वेगळा असतो. हवेत सर्व वारंवारतेचे ध्वनी जवळजवळ सारख्याच वेगाने जातात. स्प्रिंगमध्ये मात्र काही किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात कमी वारंवारतेची कंपने आधी आणि जास्त वारंवारतेची मागाहून पोहोचतात. प्रत्येक फेरीत हे अंतर वाढत जाते. परिणामी टाळीसारखा क्षणिक आवाज स्प्रिंगमधून सरकत्या चिवचिवाटासारखा ऐकू येतो. वास्तूच्या नकलेच्या दृष्टीने हा दोष होता. गिटारवादकांनी व ध्वनिमुद्रकांनी त्यालाच वैशिष्ट्य मानले.

== लेस्ली ध्वनिवर्धक ==

कॅलिफोर्नियातील डॉन लेस्ली यांनी १९४० च्या सुमारास हॅमंड ऑर्गनसाठी फिरत्या भागांचा ध्वनिवर्धक तयार केला. त्यामुळे एकसुरी वाटणाऱ्या नादात हालचाल आणि कंप निर्माण झाला. हॅमंड यांनी हा शोध स्वीकारला नाही. त्यांच्या कंपनीने लेस्ली यांना दीर्घकाळ सहकार्य केले नाही आणि लेस्ली यांनी स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय उभारला. वादकांनी मात्र ही दोन यंत्रे एकत्रच वापरली. कळ दाबताना येणारा ‘टक्’ असा आवाजही अभियंत्यांना दोष वाटत असे. जॅझ वादकांना तो ठेक्याला उपकारक वाटला. १९५४ मध्ये आलेल्या बी-३ या प्रकारावर जिमी स्मिथ यांनी जॅझ वादनाची नवी शैली घडवली. पुढे गॉस्पेल आणि रॉक संगीतातही हे वाद्य रूढ झाले.

== उत्तरायुष्य ==

कंपनीने १९३९ मध्ये नोव्हाकॉर्ड हे १६३ निर्वात नलिका असलेले वाद्य आणले. त्याची गणना आद्य सिंथेसायझरमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात हॅमंड यांनी लष्करी उपकरणांवर काम केले. १९४० मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना जॉन प्राइस वेदरिल पदक दिले. १९५० मध्ये नवशिक्यांसाठी कॉर्ड ऑर्गन तयार झाला. १९५५ मध्ये त्यांनी कंपनीचे अध्यक्षपद सोडले आणि १९६० मध्ये ते निवृत्त झाले. जुलै १९७३ मध्ये कनेटिकटमधील कॉर्नवॉल येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच फिरत्या चक्रांच्या ऑर्गनचे उत्पादन थांबले. ‘हॅमंड’ हे नाव पुढे जपानच्या सुझुकी या वाद्यनिर्मिती कंपनीकडे गेले.

== संगणकीय प्रतिकृती ==

संगणकावरील स्प्रिंग रिव्हर्ब प्लगइन्स साधारणपणे तीन पद्धतींनी तयार केली जातात.

* '''नमुना पद्धत''' : खऱ्या स्प्रिंगला क्षणिक संदेश देऊन तिचा प्रतिसाद मुद्रित केला जातो आणि गणिताने तो कोणत्याही आवाजावर लागू केला जातो. विशिष्ट पेटीचा नाद यात अचूक उतरतो. परंतु स्प्रिंगचा ताण किंवा लांबी बदलता येत नाही आणि पेटीला दिलेल्या धक्क्याचा आवाज या प्रतिसादातून मिळत नाही.
* '''गाळणी पद्धत''' : वारंवारतेनुसार वेगवेगळा विलंब करणाऱ्या अनेक गाळण्या एकापुढे एक जोडून स्प्रिंगचा चिवचिवाट घडवला जातो. जोनाथन एबल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आणि व्हेसा व्हॅलिमाकी, ज्युलियन पार्कर व एबल यांनी २०१० मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. संगणकावर कमी भार आणि सहज बदलता येणारे घटक हे तिचे गुण आहेत.
* '''भौतिक प्रतिमान पद्धत''' : स्प्रिंगच्या कंपनांची समीकरणेच संगणकावर सोडवली जातात. स्टीफन बिल्बाओ व पार्कर यांनी या दिशेने संशोधन केले आहे. या पद्धतीत स्प्रिंगचे गुणधर्म बदलता येतात. मात्र गणनेचा भार बराच वाढतो.

अशा प्लगइन्सची तुलना करताना प्रामुख्याने चिवचिवाटाची स्पष्टता, स्प्रिंगची संख्या व ताण बदलण्याची सोय आणि ड्रमसारख्या तीव्र आघातांना मिळणारा प्रतिसाद या गोष्टी पाहिल्या जातात. मोठ्या वास्तूशी असलेले साम्य, ज्यासाठी हॅमंड यांच्या कंपनीने हे उपकरण बनवले होते, हा आता त्यांचा मुख्य निकष राहिलेला नाही.